लोडसाहेबांपुढे घातलेलं गाऱ्हाणं

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घाटकोपरच्या घरातील निळ्या पट्ट्यांचा लोड, ज्याच्या पोटातला कापूस एका बाजूला गोळा झाला आहे आणि ज्याला उन्हात घातल्यावर जुन्या गोधडीसारखा वास येतो, तो एकेकाळी वरिष्ठ शासकीय अधिकारी होता. त्याच्यासमोर उभं राहून बोलताना आमच्या घरातली भलीभली माणसं चाचरलेली आहेत. सबब, इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून सामान बांधायला आलेल्या मंडळींनी त्याच्याकडे बोट दाखवून "मॅडम, हे भंगारात ना?" असं विचारू नये.

ते काल विचारून झालं. मी तोंड उघडायच्या आत माझी भाची वॉकर टेकत पुढे आली. आता नववीत आहे, जीभ माझ्यावर गेली आहे. त्या माणसाला म्हणाली, "काका, साहेबांना हात लावायच्या आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते." त्याने पुढे केलेला हात मागे घेतला आणि चहा प्यायला जाऊन येतो म्हणाला. मी अर्धी भांडी तशीच टाकून जमिनीवर बसले आणि हसत सुटले. मग हसता हसता माझ्या लक्षात आलं की लोडाच्या कापडावर चष्म्याच्या दांडीचा वळ अजून आहे. आबांच्या चष्म्याचा. मग मात्र भांडी राहिलीच.

तर हा लोड अधिकारी कसा झाला, ते सांगते.

आमचं घर तळमजल्यावरचं. त्यात आबा, म्हणजे माझे वडील. वेंगुर्ल्याकडून मुंबईत आले, गिरणीत लागले, गिरणी गेली, ते राहिले. मग मी. लग्न केलं नाही, बँकेत नोकरी केली आणि बँकांच्या नाट्यस्पर्धांमध्ये सासवा, राण्या आणि एकदा खुनी बाई रंगवली. माझी मोठी बहीण, म्हणजे ताई. आणि ताईचा नवरा, आमचे भाऊजी, जे "मी ह्या घराचा अधिकृत घरजावई" अशी स्वतःची ओळख करून देतात आणि समोरचा गोंधळला की खूश होतात.

ह्या चौघांत माझी भाची आली. येताना गुडघे आणि घोटे आखडून, पाय दुमडून आली. डॉक्टरांनी जे लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं ते भाऊजींनी हातावर लिहून आणलं आणि घरी येईपर्यंत घामाने पुसलं गेलं. आबांनी बाळाकडे बराच वेळ पाहिलं आणि निदान केलं, "पद्मासनात इला चेडू." मग बाहेर जाऊन सगळ्या इमारतीला पेढे वाटले. कुणी पेढा घेताना चुकचुकलं, तर त्याच्या हातातला पेढा परत घ्यायला आबा कमी करत नसत.

प्लास्टरं झाली, ऑपरेशनं झाली. आणि सल्ले सुरू झाले. सोनोग्राफीवाल्याने नऊ महिने 'सगळं छान आहे' असं सांगितलं होतं, त्यामुळे प्रत्येक नातेवाइकाचा सल्ला एकच होता. केस ठोका. जे आयुष्यात कधी बेस्टच्या कंडक्टरशी भांडले नव्हते, तेही केस ठोका म्हणत होते. शेवटी भाऊजींनी शेजारच्या इमारतीतल्या वकीलबाईंना घरी बोलावलं. बाई मूळच्या बुलढाण्याकडच्या, माझ्याच वयाच्या, स्कूटरवरून हायकोर्टात जाणाऱ्या. हेल्मेट काढलं की आधी खायला काय आहे ते विचारायच्या.

पोहे घेऊन त्यांनी सुरुवात केली. "दारं तीन-चार आहेत. कुठल्या दारात उभं राहायचं ते तुम्ही ठरवा. पहिलं दार ग्राहक आयोगाचं. सोनोग्राफीवाल्याने निष्काळजीपणा केला, हे दाखवावं लागेल. म्हणजे त्या महिन्यात दुसऱ्या कुठल्याही नीट बघणाऱ्या डॉक्टरला हे दिसलं असतं, असं जाणकाराकडून म्हणवून घ्यावं लागेल. दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा फार लोळत बसू नका."

"आणि दिसलं असतं तर?" ताईने विचारलं. बाळ तिच्या मांडीवर होतं आणि तिच्या कानातलं ओढत होतं.

"तर तुम्हाला वेळेत कळलं असतं."

"कळलं असतं तर काय?"

वकीलबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "तर तुम्हाला ठरवता आलं असतं."

ताईने कानातलं बाळाच्या मुठीतून सोडवलं. "म्हणजे मी तिथे उभी राहून सांगणार, की ही यायला नको होती. आणि ही मोठी होऊन वाचायला शिकली, की ते वाचणार."

"सगळे तसं मांडत नाहीत हो. वाढलेल्या उपचारांची भरपाईही मागता येते. दुसऱ्या कुणा आईने सांगितलं तर मी तिची केस हिरिरीने लढेन. त्यात काही चूक नाही."

"तिची लढा," ताई म्हणाली. "माझी नको."

भाऊजींनी आबांकडे पाहिलं, आबांनी छताकडे पाहिलं आणि पहिलं दार बंद झालं. मला तेव्हा ताईचा थोडा रागच आला होता. मला कोर्टातला प्रवेश डोळ्यांपुढे दिसायला लागला होता आणि त्यात माझी साडीसुद्धा ठरली होती.

बाकीची दारं वकीलबाईंनी भराभर दाखवली. सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा, पुढे जागोजागी लागेल. विमावाले 'जन्मजात आहे' म्हणून हात वर करतील, तर गप्प बसू नका, त्यांच्याही वर तक्रार करायची जागा आहे. काही मुलांना समजेचाच अडसर असतो, त्यांच्या आईबापांना पोर अठराचं झाल्यावर पालक म्हणून रीतसर नेमून घ्यावं लागतं. "तुम्हाला त्याची गरज पडणार नाही," बाई बाळाकडे बघून म्हणाल्या. बाळ एव्हाना त्यांच्या हेल्मेटची पट्टी चघळत होतं. "हीच स्वतःला तुमच्यावर पालक नेमून घेईल. आणि शेवटचं दार शाळेचं. त्याला वेळ आहे. पण ते अडलं तर मला हाक मारा. ते दार मला स्वतःला आवडतं."

ते अडलंच.

शाळा आमच्या गल्लीत, समोरासमोर. आमच्या खिडकीतून शाळेची घंटा वाजवणारा शिपाई दिसतो आणि त्याला आमच्या घरातलं भांडण ऐकू येतं. त्या शाळेची बालवाडी तळमजल्यावर. भाची दोन वर्षं तिथे गेली. पायांना कॅलिपर, पुढे वॉकर, मागे आबा. मैत्रिणी झाल्या, शत्रू झाले. एका शत्रूला तिने वॉकरने ढकललंही. तिचं अगदी झकास चाललं होतं.

मग पहिली आली आणि पहिलीचा वर्ग होता दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिना अरुंद.

मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला बोलावलं. बाई म्हणजे कडक इस्त्रीची सुती साडी आणि त्याहून कडक मराठी. आवाज अजिबात चढवायच्या नाहीत. "पालकांच्या भावना आम्ही समजू शकतो," त्या म्हणाल्या. "तथापि, बालिकेच्या सुरक्षिततेचा विचार करता विशेष शाळा अधिक उचित ठरेल."

"पण वर्ग खाली आणला तर?" भाऊजींनी विचारलं.

"ते व्यवहार्य नाही. बाक, कपाटं, फळे, सगळं वर आहे. तथापि, मी विश्वस्तांच्या कानावर घालेन."

आबांनी आपली ओळख सांगून पाहिली. मी अमुक, गिरणीत होतो, मूळचा वेंगुर्ल्याकडचा. बाईंचं पेन क्षणभर कागदावर थांबलं. मग पुन्हा चालू झालं. "तथापि," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी घरी आल्यावर भाचीने विचारलं, "सगळ्या वर गेल्यावर मी खाली कुणाशी बोलू?" ती खिडकीत बसली आणि घंटा वाजली की कोण कुठल्या जिन्याने वर जातं, ते आम्हाला नाव घेऊन सांगत राहिली. तिला दुसरी कुठली शाळा नको होती. तिला ह्याच वर्गातल्या ह्याच पोरींशी भांडायचं होतं, आणि पोरी आता जिना चढून जाणार होत्या.

वकीलबाईंना हाक मारली. त्या आल्या त्या हात चोळतच. "विशेष शाळा हा मुलीचा पर्याय आहे. शाळेचा नाही. जवळच्या शाळेत शिकायचा हक्क तिला कायद्यानेच दिलाय, आणि तिला बसता येईल अशी सोय करणं हे शाळेचं काम. दिव्यांगांच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी आहेत, त्यांच्याकडे जाऊ." अर्ज त्यांनी लिहिला. सुनावणी वांद्र्याच्या सरकारी कचेरीत लागली. आणि मग बाईंनी बॉम्ब टाकला. "कायदा मी बोलेन. पण ते साहेब आईला विचारतात. आईच्या तोंडून ऐकल्याशिवाय पुढे जात नाहीत, अशी त्यांची ख्याती आहे."

झालं. वाट लागली.

कारण माझी ताई. बाजारात पापलेट घ्यायला उभी राहिली की कोळीण स्वतःहून भाव उतरवते, अशी ही बाई. पण टेबल दिसलं, टेबलावर काच दिसली आणि काचेमागे माणूस दिसला, की हिची दातखीळ बसते. रेशनकार्डावर नाव घालायला गेली तेव्हा स्वतःचं नाव विसरली होती. भाऊजींनी सांगितलं. लग्न नोंदवताना तर अधिकाऱ्याने "तुमची संमती आहे ना?" असं विचारल्यावर ती इतका वेळ गप्प राहिली की भाऊजी खुर्चीवरून उठून जायला निघाले होते.

अशा वेळी घरात नाट्यस्पर्धेतली बक्षीसपात्र अभिनेत्री असणं म्हणजे काय भाग्य असतं, ते मी घरच्यांना समजावून सांगितलं. तालमी घ्यायचं ठरलं. सोफ्यावर लोड उभा केला, त्याला आबांचा जुना चष्मा लावला, पुढे टीपॉय, टीपॉयवर काच म्हणून जेवणाचं स्टीलचं ताट. भाऊजी पट्टेवाले. भाची अधिकाऱ्यांची टायपिस्ट, हातात पळी. शेजारच्या काकू टीव्हीवरची मालिका सोडून आल्या आणि प्रेक्षक झाल्या. मुख्याध्यापिका अर्थातच मी. आईची जुनी सुती साडी स्टार्च करून नेसले, अंबाड्यात पेन खोचलं.

"लोडसाहेब बोलावतात," भाऊजींनी दारात उभं राहून पुकारलं.

ताई आली. लोडाकडे पाहिलं. "ते... म्हणजे... आमची ही..."

"बोला बाई," मी लोडाच्या मागून जाड आवाज काढला.

"नमस्कार," ताई म्हणाली आणि दरदरून घामेजली.

मग मी मुख्याध्यापिका झाले. "साहेब, पालकांच्या भावना आम्ही समजू शकतो. तथापि..." प्रत्येक 'तथापि'ला भाची पळी ताटावर आपटायची. काकू हसून हसून बेजार. माझा अभिनय असा काही रंगला की आबा रागाने उठून गॅलरीत गेले आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मी त्याला दाद समजले. पण ताईचं काही 'ते... म्हणजे...'च्या पुढे सरकेना. एकदा तर तिने लोडाची माफी मागितली.

असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी आबा गॅलरीतून आत आले, मला बाजूला सारलं आणि ताईसमोर उभे राहिले.

"देवाक घाबरणस नाय, मग सायबाक कित्याक घाबरतस?"

"देव उलटं विचारत नाही, आबा."

"मग तू देवाशी बोलतस तशी बोल. गाऱ्हाणा घाल."

ज्यांच्या घरात हे नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या कोकणात कुठलंही शुभ किंवा अडचणीचं काम असलं, की घरातला किंवा गावातला जाणता माणूस देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने बोलतो. आम्ही कोण, कुठले, काय झालं, तू काय करायचं आहेस. आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला मागे उभे असलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा." लहानपणापासून ते अंगात इतकं मुरलेलं असतं, की बोलणारा श्वास घ्यायला थांबला की मागून आपोआप येतं. आबा आमच्या इमारतीच्या गणपतीपुढे दर वर्षी गाऱ्हाणं घालायचे. वरच्या मजल्यावरच्या गुजराती कुटुंबाची पोरंसुद्धा 'व्हय म्हाराजा' म्हणायला शिकली होती.

ताईने डोळे मिटले. हात जोडले. आणि लोडासमोर पहिल्यांदाच तिच्या तोंडून अख्खं वाक्य बाहेर पडलं.

"साहेब, आम्ही घाटकोपरच्या डोंगराकडची माणसं."

"व्हय म्हाराजा," आबा म्हणाले.

"आमची मुलगी जन्मापासून पायांनी अधू. वॉकर घेऊन चालते."

"व्हय म्हाराजा." आता भाऊजी आणि काकूही.

"तिच्या डोक्याला काही झालेलं नाही. जिभेला तर अजिबातच नाही."

"व्हय म्हाराजा." मीसुद्धा. सगळ्यात मोठ्याने.

ताईने डोळे उघडले आणि एवढी हसली की आम्हाला वाटलं रडतेय.

मग रोज संध्याकाळी गाऱ्हाणं. पोळ्या लाटता लाटता ताई एक वाक्य टाकायची, आत कांदा चिरणारे भाऊजी ओरडायचे, गॅलरीतून आबा, भिंतीपलीकडून काकू. काय बोलायचं तेही हळूहळू घासूनपुसून नीट झालं. बाकांचा मुद्दा भाचीने दिला. ताटावर पळी वाजवता वाजवता म्हणाली, "बाक गणपतीत येतात ना खाली?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. येतात. दर वर्षी आमच्या मांडवात लोकांना बसायला शाळेचे बाक येतात, दुसऱ्या मजल्यावरून, गल्लीतली पोरं उतरवतात आणि विसर्जनानंतर परत चढवतात. एवढ्या वर्षांत कुणालाच ते व्यवहार्य नाही असं वाटलं नव्हतं.

वकीलबाई एकदा तालीम बघायला आल्या आणि दारातच थबकल्या. हेल्मेटही काढलं नाही. "हे काय चाललंय? हे देवाचं काम नाही, कायद्याचं आहे. हक्क मागायला चाललोय आपण, हात जोडायला नाही."

आबा म्हणाले, "बाई, गाऱ्हाण्यात भीक मागणत नाय. देवाक तेचा काम आठवून दितत."

वकीलबाईंनी हेल्मेट काढलं. विचार केला. "मग ही नोटीसच झाली, आबा," त्या म्हणाल्या. "चालू द्या. पण हात खाली. आणि त्या दिवशी मागून आवाज आला, तर मी तुम्हाला ओळखत नाही."

सुनावणीच्या दिवशी आमची वरात दोन रिक्षांतून निघाली. पुढच्या रिक्षात ताई, भाऊजी आणि भाची, मागच्या रिक्षात आबा, काकू आणि मी, आणि माझ्या मांडीवर वॉकर. काकूंना यायचं काही कारण नव्हतं. पण त्या म्हणाल्या, "एवढ्या तालमी केल्या आणि प्रयोगाला नको?" मला तो मुद्दा बिनतोड वाटला. बीकेसीच्या काचेच्या इमारती बघत आबा म्हणाले की इतक्या काचा बसवण्यापेक्षा एक लिफ्ट बसवली असती कुणी. ते कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही, पण रिक्षावाल्याने मान डोलावली.

कचेरीत बसलो. साहेब आले. गोल, ठेंगणे, निळ्या पट्ट्यांचा शर्ट, नाकावर घसरलेला चष्मा.

"मावशी," भाची माझ्या कानात म्हणाली, पण तिची कुजबुज म्हणजे दुसऱ्याचं भाषण, "लोडसाहेब चहा पितात."

भाऊजींना खोकल्याची मोठी उबळ आली. साहेबांनी वर पाहिलं आणि त्यांना पाणी द्यायला सांगितलं.

समोरच्या बाकावर मुख्याध्यापिकाबाई होत्या, एकट्याच. विश्वस्तांनी त्यांना पुढे करून स्वतः यायचं टाळलं होतं. त्यांनी आपली बाजू मांडली. शांत, स्वच्छ, पुस्तकासारखी. "तथापि" आलं तसं भाचीचा हात आपोआप हवेत गेला. मी तो वरच्यावर पकडला.

मग वकीलबाई कायदा बोलल्या. कलम आणि काय काय. छानच बोलल्या. पण साहेबांनी अर्ज बाजूला सरकवला आणि चष्म्यावरून ताईकडे पाहिलं. "आई तुम्हीच ना? तुम्ही सांगा."

ताई उठली. टेबलावर काच होती. मी तिच्या मानेकडे बघत होते आणि मला मागूनच कळलं की दातखीळ बसली. एक क्षण गेला. आणखी एक गेला. साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं.

आमच्या रांगेतून आबांनी घसा खाकरला. एवढंच. गाऱ्हाणं सुरू करायच्या आधी खाकरतात तसं.

"साहेब," ताई म्हणाली, "आम्ही घाटकोपरच्या डोंगराकडची माणसं."

"व्हय म्हाराजा."

आबा, भाऊजी, काकू आणि मी. चारही आवाज एकदम. ठरवून इतका चांगला सूर कधी लागला नसता.

वकीलबाईंनी फाइल तोंडापुढे धरली. साहेबांनी चष्मा काढला. "हे कोण बोललं?"

आबा उभे राहिले. "आम्ही, सायब. सवय आसा."

"कसली सवय?"

"ऐकाची."

साहेबांनी चष्मा परत लावला. "आजोबा, बसा. परत आवाज आला तर बाहेर बसवीन सगळ्यांना. बोला बाई."

आम्ही ओठ मिटून बसलो. काकूंनी पदराचा बोळा तोंडात धरला. आणि ताई बोलू लागली. पण गंमत अशी, की तिला आता तसंच येत होतं. एक वाक्य बोलायची आणि थांबायची. मागून उत्तर येईपर्यंतची जी जागा, तेवढं थांबायची, आणि मग पुढचं वाक्य. मुलगी जन्मापासून पायांनी अधू. थांबली. डोक्याला काही झालेलं नाही. थांबली. दोन वर्षं ह्याच शाळेत खाली बसली. थांबली. त्या रिकाम्या जागा त्या खोलीत फारच मोठ्या वाटत होत्या. साहेबही लिहायचं सोडून प्रत्येक वाक्यानंतर वाट बघायला लागले. टायपिस्ट वाट बघत होता. माझ्या जिभेवर ते शब्द येऊन उभे राहायचे आणि मी ते गिळायचे.

"दर वर्षी गणपतीला त्या वर्गाचे बाक खाली आमच्या मांडवात येतात. साहेब, तेव्हा ते कुणाला जड होत नाहीत."

थांबली.

थांबते मीसुद्धा. कारण ह्याच्या पुढचं वाक्य शेवटचं आहे, आणि शेवट झाल्यावर मला दुसरं काही सांगायचं नाही. म्हणून नंतरचं आधीच सांगून टाकते. पहिलीचा वर्ग खाली आला. बालवाडी पलीकडच्या खोलीत गेली आणि तिथे ऊन जास्त येतं म्हणून खूश झाली. मग दुसरी खाली आली, मग तिसरी, आणि दर जूनमध्ये गल्लीतली पोरं बाक उतरवताना आमच्या खिडकीतून भाची त्यांना सूचना देत राहिली. लिफ्टसाठी खड्डा खणून झाला आहे. त्यात सध्या एक मांजर राहतं. आबा गेल्या वर्षाआधीच्या पावसाळ्यात गेले. त्या गणपतीत नारळ कुणी हातात घ्यायचा ह्यावर मंडळात कुजबुज चालू असताना ताईने तो उचलला, खाकरली आणि सुरू झाली. एवढी माणसं समोर होती, आणि ती अडखळली नाही. नवी इमारत होईपर्यंत आम्ही मुलुंडला भाड्याने राहणार आहोत. लोड माझ्या मांडीवर बसून येणार आहे.

तर ती खोली. साहेब वाट बघताहेत. ताई उभी आहे, हात खाली, वकीलबाईंनी सांगितलं होतं तसे.

"आमच्या मुलीला वर चढता येत नाही, साहेब," ती म्हणाली. "पण वर्गाला खाली उतरता येतं."

आणि थांबली.

ती जागा तशीच मोकळी राहिली, लांबत गेली, कुणीतरी काहीतरी म्हणायलाच हवं होतं अशी लांबत गेली. आणि मग समोरच्या बाकावरून, कडक इस्त्रीच्या साडीतून, खाली बघत असलेल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडून, त्यांना स्वतःलाही कळायच्या आत, अस्सल वेंगुर्ल्याच्या हेलात, खणखणीत बाहेर पडलं:

"व्हय म्हाराजा."